खय्यामच्या कबरीपाशी एक घनसमीकरण

इराणमधल्या मशहदहून नैशापूर साधारण सव्वाशे किलोमीटर. शेअर टॅक्सीला इकडे ‘सवारी’ म्हणतात, माणसं भरली की सुटते. वाटेत लिहिण्याजोगं काही नाही.

उमर खय्यामची कबर शहराच्या कडेला एका बागेत आहे, शेजारी इमामजादा महरूक या दर्ग्याचा निळा घुमट. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. अख्खी कुटुंबं सतरंज्या पसरून बसलेली असतात, चहाचे थर्मास उघडलेले असतात आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी मोठ्याने त्याची रुबाई, म्हणजे चार ओळींची कविता, म्हणतं. आग्रहाने चहा पाजतात, ते छानच. पण हा माणूस मुळात गणिती होता, याची तिथे कुणाला पडलेलीच नाही. आपणही वेगळे नाही म्हणा. त्याच्या रुबाया मराठीत आणणाऱ्या कवी माधव ज्यूलियनांच्या कृपेने मराठी वाचकालाही खय्याम म्हटलं की द्राक्ष आणि प्याला एवढंच आठवतं.

वास्तू मात्र गणिताला जागली आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हुशंग सेयहून या वास्तुकाराने ती उभारली. तळाशी दहा पाय. प्रत्येक पायातून दोन वक्र पट्ट्या वर चढतात, एकमेकींना छेदतात आणि त्यांच्या मधे समभुज चौकोन तयार होतात. काहींत टाइल्सवर रुबाया लिहिल्या आहेत. वर पट्ट्यांचं जाळं होतं आणि त्यातल्या ताऱ्याच्या आकाराच्या फटींतून आकाश दिसतं. या दहा पायांचा दशभुज कंपासने काढता येतो: त्रिज्या १० सेंमी घेतली तर बाजू ६.१८ सेंमी. ६.२ धरून पुढे गेलात की दहाव्या बाजूला टोकं जुळत नाहीत.

माझा सल्ला एवढाच की सोबत आलेखाची वही, कंपास आणि पट्टी ठेवा. बागेतल्या एखाद्या बाकावर बसून खय्यामचं एक घनसमीकरण, म्हणजे क्ष³ असलेलं समीकरण, सोडवलं, तर सगळ्या सहलीचे पैसे वसूल.

क्ष³ + ४क्ष = १६ घेऊ. खय्यामच्या दृष्टीने क्ष³ हा खराखुरा घन. घनात रेषा किंवा नुसता आकडा मिळवता येत नाही, सगळी पदं घनफळंच हवीत. म्हणून ४ म्हणजे ब², अर्थात ब = २ बाजूचा चौरस; त्यावर क्ष उंची घेतली की ४क्ष हे घनफळ. आणि १६ म्हणजे त्याच चौरसावर उभी केलेली, क = ४ उंचीची पेटी. ही मांडणी आधी झाली पाहिजे. घाईत ४ लाच ब धरलं की उत्तर २.७३ च्या आसपास येतं, कारण तेव्हा आपण क्ष³ + १६क्ष = ६४ सोडवत असतो.

आता आकृती. एककाला दोन सेंमी घ्या, त्याहून लहान प्रमाणात छेदबिंदू नीट वाचता येत नाही. आडव्या रेषेवर क म्हणजे ४ एकक व्यासाचं अर्धवर्तुळ काढा. व्यासाच्या डाव्या टोकाला शिरोबिंदू आणि उभा अक्ष असलेलं अन्वस्त (पॅराबोला) काढा: क्ष² = ब × य, म्हणजे क्ष² = २य; क्ष हे डाव्या टोकापासूनचं आडवं अंतर, य उभं. क्ष १ तर य अर्धा, २ तर २, ३ तर साडेचार. हे दोन वक्र अर्धवर्तुळाच्या बरोबर माथ्यावर भेटतात. तिथून खाली लंब टाका. डाव्या टोकापासून लंबापर्यंतचं अंतर २. ताळा: ८ + ८ = १६. वक्र डाव्या टोकालाही भेटतात, पण तिथे क्ष शून्य. तो बिंदू सोडून द्यायचा.

हे अकराव्या शतकातलं काम. तिसऱ्या घातापर्यंतच्या समीकरणांचे त्याने २५ प्रकार पाडले; त्यांतल्या १४ प्रकारांना वर्तुळ-रेषा पुरत नाहीत, अन्वस्त किंवा अपास्त (हायपरबोला) लागतं. इतके प्रकार कशाला? कारण ऋण संख्या त्याला चालत नव्हत्या, त्यामुळे पद बरोबरच्या चिन्हापलीकडे गेलं की प्रकार बदलला. नुसत्या आकडेमोडीने घनसमीकरण सोडवणं आपल्याला साधलं नाही, पुढच्या कुणाला साधेल, असं त्याने प्रांजळपणे लिहून ठेवलं. ते इटलीत सोळाव्या शतकात साधलं. युक्लिडच्या समांतर रेषांच्या गृहीतकावरही १०७७ मध्ये त्याने लिहिलं, पण ते बाकावर बसून उरकण्यातलं नाही.

त्याची एक चूक मात्र बाकावरही सापडते. काही घनसमीकरणांना दोन उत्तरं असतात हे त्याने ओळखलं, तीनही असू शकतात हे निसटलं. क्ष³ + ११क्ष = ६क्ष² + ६ मध्ये १, २, ३ टाकून बघा, तिन्ही चालतात.