दोर कधी सोडायचा? मोबाईलवर बघून घोडं शिकवणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणी या पट्ट्यात घोडी कमी नाहीत. वरातीची आहेत, गाडीच्या शर्यतीची आहेत, मेंढरांबरोबर बिऱ्हाड वाहणारी धनगरांची तट्टं आहेत. नाही तो चाबूकस्वार. कोवळ्या घोड्याला पायरीपायरीनं शिकवणारा माणूस हवा, तर पुणं नाहीतर बंगळूर गाठायचं. तेवढं कुणाला जमतंय? मग उरतो मोबाईल आणि मागवलेलं एखादं पुस्तक. त्यातून शिकता येतं. मात्र एक गोष्ट पडद्यावर समोर असूनही बघणाऱ्याच्या नजरेतून सुटते, आणि सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

ती म्हणजे दोर सैल पडण्याचा क्षण. व्हिडिओ बघताना आपलं लक्ष असतं शिकवणारा काय करतो याच्याकडे: कसा ओढतो, कुठं बोट टेकवतो, काठी कशी धरतो. घोडा मात्र शिकतो तो दाब जातो त्या वेळी. माणसाला वाटतं, मी दाबलं म्हणून हा सरकला. घोड्याचा हिशेब वेगळा: मी सरकलो आणि दाब गेला. दाब जायच्या आधी त्यानं शेवटचं जे काही केलं, तेच त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. दोर ताणलेला असताना त्यानं मान झटकली, आपण दचकून हात ढिला सोडला, तर त्या दिवशीचा धडा ‘मान झटकली की सुटका’ एवढाच. असं चार-पाच वेळा झालं की ती खोड होते, आणि मग मालक म्हणतो, जनावरच हट्टी आहे.

म्हणून व्हिडिओ बघायची पद्धतच बदलायला लागते. आवाज बंद करायचा, वेग पाव करायचा. पहिल्यांदा फक्त घोड्याचे पाय बघायचे, दुसऱ्यांदा फक्त शिकवणाऱ्याचा हात. पाय हलला तेव्हा हात कुठं होता, दोरात झोळ कधी आला, हे सेकंदात वहीत लिहायचं. चांगल्या माणसाचा हात पाय उचलतानाच सुटलेला दिसतो. पाऊल टेकेपर्यंतही तो थांबत नाही. मधेच दृश्य तुटून पुढच्या तुकड्यात घोडा एकदम शहाणा झाला असेल, तर तो व्हिडिओ शिकण्याच्या कामाचा नाही. मधला कापलेला अर्धा तासच आपल्याला हवा होता.

पुढची पायरी म्हणजे स्वतःचं चित्रण. मोबाईल खांबाला बांधा किंवा कुणाच्या तरी हातात द्या, पण दोराचा झोळ आणि चारही पाय एकाच चौकटीत यायला हवेत. दहा मिनिटं पुरे. पुढच्या कॅमेऱ्यानं घेऊ नका. बऱ्याच फोनमध्ये त्यात डावं-उजवं उलटतं आणि नंतर कुठल्या बाजूनं काम केलं तेच कळत नाही. रात्री बघताना एकच मोजायचं: घोड्यानं हवं ते केल्यापासून आपला हात सुटेपर्यंत किती वेळ गेला. एका सेकंदाच्या आत सुटला तर ठीक. नवशिक्याचे दोन-तीन सेकंद सहज जातात, आणि तेवढ्यात घोड्यानं आणखी दोन गोष्टी केलेल्या असतात.

घोड्यावर हात चालवण्याआधी माणसावर चालवून बघितलेलं बरं. घरातल्या कुणाला तरी डोळे मिटून दोराचं एक टोक दोन्ही हातांत धरायला सांगा, दुसरं टोक आपण घ्यायचं. न बोलता त्याला दोन पावलं पुढं, एक मागं, एक डावीकडं न्यायचं. तो लगेच सांगेल, ‘मी निघालो होतो की, तरी तू ओढतच होतास.’ घोडं हे बोलत नाही. पोरांना हा खेळ आवडतो, आणि मोठ्यांपेक्षा त्यांचा हात बहुतेक हलका निघतो.

आता सामान. बैलाच्या सवयीनं जाड नायलॉनचा दोर गळ्यात बांधायचा, हे आपल्याकडे सर्रास. बैल वेसणीनं वळतो. घोड्याला वळवायचं ते कानामागच्या आणि नाकावरच्या दाबानं, म्हणून मोरकी (नाकाभोवती आणि कानामागून जाणारं तोंडाचं बंधन) नीट बसायला हवी. नाकावरचा पट्टा गालाच्या हाडाची कड संपते तिथून दोन बोटं खाली, आणि पट्ट्याखाली दोन बोटं सरळ जातील इतका सैल. याहून खाली हाड संपून कुर्चा लागते. तिथं पट्टा आवळला तर इजा होते आणि श्वास अडतो. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, फक्त नाकानंच. दोर सुती, अंगठ्याएवढा जाड, बारा फुटांचा. तो हाताला कधीही गुंडाळायचा नाही, आडव्या घड्या करून मुठीत धरायचा. दोर हाताला गुंडाळलेला असताना घोडं उधळलं की बोटं जातात.

बांधताना खांद्याच्या उंचवट्याच्या पातळीला, हातभर लांबीवर, आणि टोक ओढताच सुटेल अशी गाठ. दोर थेट कडीला न बांधता कडीत सुतळीचा फास अडकवून त्याला बांधायचा. घाबरून मागं रेटा दिला तर सुतळी तुटते, मान वाचते.

जागेचं म्हणाल तर परदेशी व्हिडिओत दिसतं ते साठ फूट व्यासाचं गोल कुंपण आणि पायाखाली मऊ वाळू. आपल्याकडे भाताची सुगी झालेलं शेत मिळतं, त्याला बांध असतात. खानापूरकडच्या मुरमाड जमिनीत खडे खुरात रुततात. अथणीकडच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा. वेळूचं कुंपण चालतं, उंची साडेपाच फूट, बांबूची टोकं बाहेरच्या बाजूला. काटेरी तार कुठंही नको. नसेल कुंपण तर शेताचा एक कोपरा पुरतो. दोन बाजू तिथं आयत्या बंद मिळतात. गोल फिरवणं मात्र एका वेळी दहा मिनिटांच्या वर नको, दोन वर्षांखालच्या शिंगराला तर नकोच. लहान गोलात सांध्यांवर एका बाजूनं ताण येतो.

पहिले आठ-दहा दिवस धडा वीस मिनिटांचा. स्पर्श करू देणं, मान खाली घेणं, दोराबरोबर निघणं, थांबणं, दोन पावलं मागं सरणं. यात फारसं अवघड काही नाही. खरी मेख आहे मागचे पाय बाजूला सरकवण्यात. ते नीट शिकवायचं, कारण पुढं पाठीवर बसल्यावर घोडं उधळलं तर हाच ब्रेक. घोड्याचा सगळा जोर पुठ्ठ्यातून, म्हणजे ढुंगणाच्या भागातून येतो, आणि मागचे पाय एकमेकांवरून जाताना त्याला सरळ धाव घेता येत नाही.

डाव्या बाजूनं करायचं असेल तर त्याच्या खांद्याशी, तोंड पुठ्ठ्याकडं करून उभं राहायचं. डाव्या हातात मोरकीपासून हातभर अंतरावर दोर, आणि त्याचं नाक किंचित आपल्याकडं वळवलेलं. उजव्या हाताची बोटं तंगाच्या (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) जागेमागं वीतभर, जिथं उद्या आपली टाच येणार तिथं. आधी नुसता स्पर्श. एक-दोन मोजायचं. नाही हलला तर कातडी दबेल इतकं, पुन्हा एक-दोन. मग बोटांची पेरं रोवून. मग दोराच्या टोकानं त्याच जागी टकटक. वाढवत जायचं, मधेच कमी करायचं नाही. डावा मागचा पाय उजव्याच्या पुढून पलीकडं गेला की त्याच क्षणी हात खाली, दोर सैल, आणि दहा सेकंद काहीच करायचं नाही. बहुतेक लोक ही दहा सेकंदं खातात. घोडं जीभ फिरवतं, मान खाली सोडतं, पापण्या हलवतं. तेवढं होऊ द्यावं.

चुकतं कुठं? घोडं पुढंच चालायला लागलं तर नाक वळवलेलं नाही, किंवा आपण त्याच्या फार पुढं उभे आहोत. पाय पुढून न जाता मागून गेला तर आपण नकळत दोर मागं ओढतोय. सगळं अंगच आपल्यावर रेललं तर दाब मधेच सोडलाय, आणि रेललं की सुटतं हे त्याला कळलंय. लाथ टाळायची असेल तर खांदा सोडून पुठ्ठ्याकडं सरकायचं नाही. डावीकडं शिकलेलं उजवीकडं आपोआप येत नाही, तिथं पहिल्यापासून सुरुवात.

शब्दांचं एक. चिकोडी-रायबागकडचं घोडं बऱ्याचदा कानडी ‘निल्लु’ (थांब) आणि ‘बा’वर (ये) वाढलेलं असतं. व्हिडिओतला साहेब ‘वोऽ’ म्हणतो म्हणून आपण तेच शिकवायचं कारण नाही. ‘थांब’ म्हणा नाहीतर ‘निल्लु’, पण घरातल्या सगळ्यांनी एकच. पद्धतीचंही तसंच. एका शाळेत डावा लगाम ओढला की डावीकडं वळायचं, दुसरीत मानेवर उजवा लगाम टेकला की डावीकडं. दोन्ही बरोबर. एकाच घोड्यावर दोन्ही सुरू केल्या की त्याचं डोकं फिरतं. एक धरा.

भीती घालवण्याचं काम हेच तत्त्व उलटं करून होतं. पोतं, छत्री, प्लॅस्टिकची पिशवी दहा फुटांवर हलवत राहायचं. घोडं हलतंय तोवर जवळही जायचं नाही आणि थांबायचंही नाही. त्याचे पाय थांबले की पोतं खाली. घोडं पळतंय म्हणून पोतं लपवलंत, तर पळणं शिकवलंत. ढोलाचा आवाज फोनवर हळू लावून असाच वाढवत न्यायचा. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे अश्व आपल्याच चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून आळंदीला चालत जातात. टाळ-मृदंगाच्या कल्लोळात, एवढ्या गर्दीत रिंगण धावणारं ते जनावर बघितलं की नीट सवय लागली तर घोडं काय काय सोसू शकतं ते कळतं. वरातीच्या घोडीला पहिल्याच दिवशी बँडपुढं उभी करणाऱ्यांनी एकदा मुद्दाम जाऊन बघावं.

कधी कधी दोष हाताचा नसतो, तोबऱ्याचा असतो. काम थोडं आणि हरभरा भरपूर दिला की घोडं पायावर ठरत नाही. रोजची कोरडी वैरण वजनाच्या दीड ते दोन टक्के; अडीचशे किलोच्या तट्टाला चार-पाच किलो. चंदी, म्हणजे दाणा, एका वेळी सव्वा किलोच्या वर नको, आणि नुसतं शिकण्याचं काम असेल तर त्याहून पुष्कळ कमी. एप्रिल-मे महिन्यांत धडा सकाळी आठच्या आत उरकायचा. स्वस्थ घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. काम थांबवून अर्धा तास झाला तरी ती साठाच्या खाली येत नसेल तर त्या दिवशीचं काम जास्त झालं.

वजनाचा काटा गावात नसतो, टेप असतो. कोपराच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि 11,880 नं भागा. घेर 145 आणि लांबी 130 असेल तर सुमारे 230 किलो. खोगिरासकट पाठीवर जास्तीत जास्त त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे 46 किलो. सत्तर किलोच्या माणसानं अशा तट्टावर बसायचं नाही, मग व्हिडिओतला पाचशे किलोचा घोडा कितीही सहज चालू दे.

वय दातांवरून. मधले दोन पक्के दात अडीच वर्षांच्या सुमाराला, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. चार पक्के दात दिसेपर्यंत पाठीवर माणूस नको. मणक्याची वाढ तर पाच-सहा वर्षांपर्यंत चालते. लगाम घालण्याआधी सरकारी पशुवैद्याकडून दाढांच्या पुढचा बारका दात आहे का ते बघून घ्या, लोखंड त्याला लागलं की घोडं मान फेकतं. धनुर्वाताची लसही त्याच फेरीत. लगामाचं लोखंड ओठांच्या कोपऱ्यात एक सुरकुती पाडेल इतकं वर, दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर मोकळं. यात्रेत मिळणारा काटेरी लगाम विकत घेऊ नका. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांत त्याला बंदी आहे, आणि काट्यानं तोंड बधिर झालेल्या घोड्याला पुढं कुठलाच लगाम कळत नाही.

काही गोष्टी पडद्यावरून करायच्याच नाहीत: मागच्या पायांवर उभं राहणारं घोडं, चावरा वळू, पाय बांधून आडवं पाडणं. पहिली स्वारीही एकट्यानं नको. एकजण डोक्याशी दोर धरून, दुसरा ओट्यावर. खोगीर आठवडाभर रिकामं फिरवलेलं असावं. तंग एकदम न आवळता तीन टप्प्यांत, मधे दोन पावलं चालवून. मग ओट्यावर उभं राहून पाठीवर हातांनी भार द्यायचा, नंतर पोटावर आडवं लोंबायचं, आणि घोडं चुळबुळलं नाही की लगेच खाली. हे दोन्ही बाजूंनी, तीन-चार दिवस. त्यानंतर पाय पलीकडं टाकून बसायचं, मानेवर खाजवायचं, दोन्हीकडं नाक वळवून घ्यायचं आणि उतरायचं. त्या दिवशी चालवायचं नाही. तंग दोन भोकं सैल करायचा, खोगीर काढायचं आणि घोडं वैरणीला सोडायचं.