सातवी पिढी

माझा लॅपटॉप सातव्या पिढीचा निघाला. म्हणजे त्याच्या आतला प्रोसेसर. मशीनच्या पोटातली माहिती कुठे बघायची ते भाच्यानं बंगळुरूहून फोनवर सांगितलं, मी चष्मा लावून 'आय-फाइव्ह'च्या पुढचा आकडा वाचला. तो सातनं सुरू होत होता. "गेलं मावशी," तो म्हणाला, "विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासून पुढच्यांनाच घेतात." पत्रिका जमत नाही असा निरोप द्यावा तसा आवाज. आमच्याकडे सात पिढ्या बसून खातील एवढं मिळवून ठेवायची भाषा असते. इथं सातवी पिढीच पानावरून उठवली.

तसं काही लगेच बिघडणार नव्हतं. माझ्याकडचं विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये आणि त्याचा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही, फक्त सुरक्षेची नवी ठिगळं मिळायची थांबतात. ज्यांना ती थांबायला नको आहेत त्यांच्यासाठी आणखी वर्षभराची मुदत, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्याला तीन वाटा: तीस डॉलर मोजा, नाहीतर कंपनीचे बक्षिसाचे हजार गुण साठले असतील तर ते द्या, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर लॉगिन करून आपल्या सेटिंग्ज त्यांच्याकडे बॅकअपला ठेवा. तिसरी वाट फुकट. तिथं मी थांबले. बारीक टायपातलं वाचणं हाच माझा धंदा आहे.

मी मुद्रितशोधक. प्रुफं तपासते. साताऱ्यात तीस वर्षं हेच करत आले. आधी छापखान्यात जाऊन, मग डीटीपीवाल्याच्या दुकानात पंख्याखाली बसून, आता घरी लॅपटॉपवर. या धंद्यात आपण लोकांचं सगळं जगाच्या आधी वाचतो. कुणाचं आत्मचरित्र, कुणाचा दिवाळी अंकातला पहिलाच कवितांचा गुच्छ, एका डॉक्टरांनी बायकोच्या आजारपणावर लिहिलेली वही. वाचायचं, काना-मात्रा-वेलांट्या बघायच्या आणि विसरून जायचं. विसरणं हा कामाचाच भाग. कुणी शिकवत नाही, पण बाजारात लेखकाची बायको भेटली तर पान ८४ वर तिच्याबद्दल काय आहे ते आपल्याला माहीत आहे, असा चेहरा करायचा नसतो.

आणि तरीही सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते. तपासून झालेली प्रुफं छापखान्यातून रद्दीत जायची. एका संध्याकाळी राजवाड्याजवळ भेळ घेतली, खाऊन झाली, आणि हातातला कागद चुरगाळता चुरगाळता ओळखीचा वाटला. समासात माझ्याच हातची लाल शाई. एका निवृत्त गृहस्थांनी भावाशी झालेल्या कोर्टकचेरीबद्दल लिहिलेला मजकूर, त्यावर चिंचेच्या चटणीचा डाग. पुस्तक अजून बाहेर यायचं होतं. मी तो कागद घरी आणून बंबात घातला. बाकीचे किती पुडे बांधून गेले, देव जाणे.

त्यामुळे संगणक आपल्याबद्दल काय काय कळवतो, ही काळजी मला धंद्यामुळे लागली असं म्हणायला हरकत नाही. हल्ली कुठलंही ॲप उघडा, 'नाही' असं बटण सापडत नाही. 'आत्ता नको' असतं, 'नंतर आठवण करा' असतं. लग्नाच्या पंगतीत 'आत्ता नको' म्हणणाऱ्याच्या पानात हमखास दोन जिलब्या पडतात. वाढप्याला ती भाषा बरोबर कळते. तिथं निदान पानावर आडवा हात धरता येतो, आणि वाढपी जिलबीच वाढतो. पानातलं उचलून नेत नाही.

आपल्या मशीनमधून मायक्रोसॉफ्टकडे काय जातं ते बघण्याची सोय त्यांनीच २०१८ मध्ये करून दिली आहे. डायग्नोस्टिक डेटा व्ह्यूअर असं भारदस्त नाव. ते सुरू करायचं तर डिस्कवर एक जीबीपर्यंत जागा लागू शकते, असं तिथंच लिहिलेलं असतं. म्हणजे घरातून बाहेर काय चाललंय ते बघायला दारात खोली बांधायची. बांधली. डावीकडे घटनांच्या नावांची लांबलचक यादी, उजवीकडे एकेका घटनेचा तपशील. महिरपी कंसात महिरपी कंस, त्यात आणखी कंस, अवतरण चिन्हं, अपूर्णविराम, लांबच लांब आकडे. मी तास दीड तास वाचलं. उघडलेला एकही कंस बंद करायचा राहिला नव्हता. इतकं स्वच्छ प्रूफ माझ्याकडे कधीच आलेलं नाही. अर्थ म्हणाल तर एका ओळीचा लागला नाही.

भाचा म्हणाला, "त्यात तुझा मजकूर नसतो गं. कुठला प्रोग्रॅम चालला, काय कोसळलं, मशीन कुठलं, असलं असतं."

"मग महिरपी कंसात कशाला लपवलंय?"

"लपवलं नाहीये, मावशी. ते तसंच लिहितात."

याच सुमारास मला त्यानं रिकॉलबद्दल सांगितलं. मायक्रोसॉफ्टनं मे २०२४ मध्ये जाहीर केलेली सोय: स्क्रीनवर जे दिसतं त्याची दर काही सेकंदांनी छबी काढून ठेवायची, म्हणजे 'मी परवा ते कुठं वाचलं होतं' असं विचारलं की मशीन शोधून देईल. छब्या त्याच मशीनवर राहणार, तरी एवढा गदारोळ झाला की सोय पुढे ढकलली, आपणहून सुरू केली तरच चालेल असं केलं आणि एप्रिल २०२५ मध्ये काही खास नव्या मशीनांवर आणली. आमच्या सातव्या पिढीला ते झेपायचं नाही. माझ्या लॅपटॉपला मी मघाशी काय उघडलं होतं तेही धड आठवत नाही, आणि या एका बाबतीत आमचं दोघांचं छान जुळतं.

एवढं सगळं ऐकून मी तावातावानं बोलत होते, तेव्हा भाच्यानं सहज विचारलं, "तुझ्या जुन्या फायली तू युनिकोडमध्ये कशा करतेस?"

यावर माझी बोलती बंद झाली. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत. तिच्या आधीच्या मराठी फॉन्टांत आत बहुतेक इंग्रजी कळांचेच क्रमांक असायचे, चेहरा तेवढा मराठी. फॉन्ट असेल तोवर 'कमळ' दिसतं. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो आणि शाईत पाय बुडवून कोंबडी पानभर फिरल्यासारखं दिसतं. माझ्याकडे लेखक अजूनही अशा फायली घेऊन येतात. मग मी काय करायची, तर गूगलवर 'कन्व्हर्टर' शोधून जी साइट वर येईल ती उघडायची, प्रकरणच्या प्रकरण तिथल्या चौकटीत ओतायचं, बटण दाबायचं आणि खालच्या चौकटीतून शुद्ध मराठी उचलायचं. त्या डॉक्टरांची वही अशीच गेली. ती चौकट कुणाची, ओतलेलं तिथं राहतं का वाहून जातं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. कंपनीच्या महिरपी कंसांकडे भिंग घेऊन बसलेली बाई दुसऱ्या हातानं अख्खं पुस्तक अनोळखी माणसाच्या ओट्यावर ठेवून येत होती. लेखकाला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? बहुधा 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा'. म्हणूनच जास्त लागलं.

खासगी हा शब्द आपल्याकडे मूळचा मोठ्या घरचा. होळकरांच्या संस्थानात खासगी म्हणजे राणीच्या स्वतःच्या उत्पन्नाचं वेगळं खातं. सामान्य माणसाला कसली आलीय खासगी; त्याच्या वाट्याला चव्हाटा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं, तेव्हा निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या त्या खटल्याची बातमी मीही वाचली होती. वाचली म्हणजे त्यातलं शुद्धलेखन बघितलं. हक्क आपल्यालाही लागू आहे, आणि आपल्या हातात आलेल्या दुसऱ्याच्या कागदालाही, हे डोक्यात आलं नाही.

शेवटी विंडोजऐवजी वापरायचं ठरलं ते लिनक्स मिंट. फुकट, जुन्या मशीनवर चालणारं, आणि आपण काय करतो याचे अहवाल कुठं पाठवत न बसणारं. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. भाच्यानं उगीच आरती ओवाळली नाही, हे मला आवडलं. उबुंटू हे लिनक्सच, पण २०१२ च्या ऑक्टोबरात आलेल्या त्याच्या आवृत्तीत आपली स्वतःची फाइल शोधायला गेलं की शोधशब्द बाहेर जायचे आणि ॲमेझॉनवरच्या वस्तू समोर यायच्या. घरात किल्ली कुठं गेली म्हणून ओरडावं आणि कुलूपवाल्यानं दारात उभं राहावं, तसं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला सरळ हेरगिरी म्हटलं होतं. २०१६ च्या आवृत्तीपासून ते आपोआप सुरू असणं थांबलं. मिंटचीही एक कथा आहे. २० फेब्रुवारी २०१६ ला त्यांच्या संकेतस्थळात चोर शिरले आणि डाउनलोडची लिंक चोरदरवाजा बसवलेल्या नकली फाइलकडे वळवून गेले.

"म्हणून आता उतरवलेली फाइल खरी आहे का ते बघू," भाचा म्हणाला, आणि माझ्या आयुष्यातला या विषयातला एकमेव सुखाचा अर्धा तास सुरू झाला.

जवळजवळ तीन जीबीच्या त्या फाइलचा गणितानं एक ठसा काढतात. चौसष्ट चिन्हांची ओळ, शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढ्यातलीच. फाइलमधला एक कण जरी इकडचा तिकडे झाला तरी अख्खी ओळ बदलते. खरी ओळ मिंटवाल्यांनी जाहीर केलेली असते, आपली ओळ आपलं मशीन काढतं. दोन्ही ताडून बघायच्या. म्हणजे प्रूफ आणि मूळ प्रत! भाचा म्हणाला, पहिली चार आणि शेवटची चार बघ, पुरे. मी म्हटलं, गप्प बस. पहिली चार आणि शेवटची चार बघून पान सोडणाऱ्यांची पुस्तकं मी पाहिलेली आहेत. शिवाय चोराला पहिलं न् शेवटचं तेवढं जुळवणं त्यातल्या त्यात सोपं, हे मलासुद्धा कळतं. मग पूर्वी छापखान्यात करायचो तसं केलं. त्यानं तिकडून मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, मी इकडे पट्टी धरून बोट सरकवायचं. "सात, सी, शून्य, शून्य, बी..." "शून्य दोनदा?" "दोनदा." "पुढं." मध्येच तो डी म्हणाला का बी, यावर अडलो, तो म्हणाला डी, डबा डबा. चौसष्टाव्या चिन्हाला मी कागदाच्या कडेला सवयीनं 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही केली.

जुनं विंडोज काढलं नाही. जुन्या फॉन्टांचा सगळा कारभार तिथं आहे. त्याचं वायफाय तेवढं तोडलं आणि फायली बदलायचं काम इंटरनेट न लागणाऱ्या प्रोग्रॅमवर तिथंच चालतं. आता मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर विचारतं, कुणाकडे जायचं. एका घरात दोन चुली. एकीचं शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलणं बंद, दुसरी अजून नवी नवरी, डबे कुठं ठेवलेत ते शोधतेय. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक मात्र पहिल्याच दिवशी बसला, मी ज्ञ लिहून बघितला आणि चहा टाकायला उठले.

प्रिंटरनं नव्या नवरीला अजून ओळख दाखवलेली नाही. त्यामुळे परवा डॉक्टरांच्या वहीची प्रुफं काढायला पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तिथल्या मशीनवर विंडोज ७, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला. पोरगा चटपटीत. माझी फाइल त्यानं आधी डेस्कटॉपवर ओढली, मग उघडली. डेस्कटॉप म्हणजे काय सांगू, आधार फायनल, आधार फायनल नवीन, सातबारा, दहावी मार्कलिस्ट, कुणाच्या तरी पोटाची सोनोग्राफी. मे २०२२ मध्ये आधारच्या झेरॉक्स वाटेल तिथं देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार वापरा, असं सरकारी पत्रक निघालं आणि गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत मागेही घेतलं. ते इथवर पोचलंच नसावं. पोचलं असतं तरी त्याची झेरॉक्स निघाली असती.

"प्रिंट झाली की फाइल पुसून टाक हं," मी म्हटलं.

"राहू द्या की काकू, परत लागली तर बरी."

"नको. पूस. आणि ती रिसायकल बिनमधूनही काढ."

मागं चार जण उभे. त्यानं माझ्याकडे जरा बघितलं, पुसली, बादली रिकामी केली. तेवढ्यात माझी नजर खालच्या ओळीतल्या एका फाइलवर गेली. 'पॅन काकू प्रुफवाल्या'. दोन वर्षांपूर्वी बँकेसाठी व्हॉट्सॲपवर पाठवून प्रिंट काढली होती, ती.

"ते माझं पॅनकार्ड आहे ना रे? तेही पूस."

"कुठलं पुसू?" तो स्क्रीन खाली सरकवत म्हणाला. "तीन आहेत."