भाईंची भिंत

आमची फिल्म दाखवायची म्हणून भाईंनी आज सालातली, म्हणजे बैठकीच्या खोलीतली, भिंत रिकामी केली. कॅलेंडर गेलं, घड्याळ गेलं, जत्रेतल्या नाटकातला तो मुकुटवाला फोटोसुद्धा उतरवला. मी नुसता उंडे, म्हणजे पाव, द्यायला गेलो होतो.

"आयलें काय रे तें रीळ?"

"पावसात अडकलंय कुठेतरी, भाई."

रीळ माझ्या कपाटात आहे. बिस्किटांच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, गेला महिनाभर. खोटं बोलायला आता मला विचारही करावा लागत नाही.

एकदा सरळ लिहूनच काढतो. सुपर एट म्हणजे आठ मिलिमीटर फिल्मचा जुना कॅमेरा. त्याच्या कार्ट्रिजमध्ये फिल्म ५० फूट. सेकंदाला १८ चौकटी धरल्या तर ३ मिनिटं २० सेकंद, बस. आमच्याकडे कार्ट्रिज दोन. एकेकीची किंमत काढली की घरी कुणाशी बोलवत नाही. काका मस्कतहून आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत सापडलेला कॅमेरा फुकट, म्हणून तर हा उद्योग सुचला. पाच रिहर्सल आणि एक टेक, असा माझा कायदा होता. सगळ्यांना फूट मोजायची सवय लागली. चहा पिताना कुणी जास्त बोललं तर आमच्यातला कुणीतरी म्हणायचा, "सात फूट झाले तुझे."

भाईंचं काम २० सेकंदांचं, म्हणजे ५ फुटांचं. बालकांवात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून बशीतून चहा प्यायचा आणि पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न ऐकून वर बघायचं. भाई आले ते तोंडाला पावडर, भुवयांना काजळ. ते मी पुसायला लावलं. "इथं तसं लागत नाही, भाई." ते निमूट मोरीकडे गेले. हेही आता उगाच आठवत राहतं.

शॉट चांगला झाला. काटा ५० वर आला. आणि भाई उठले, धोतर सारखं केलं, म्हणाले, "आता माझ्या मनासारखं एक?" उत्तराला थांबलेच नाहीत. आंगणात उतरले, उजवा हात छातीशी, नजर लांब, समोर अख्खा गाव जत्रेला बसलाय अशी. 'फिल्म संपली' एवढं म्हणायचं होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं.

कार्ट्रिज संपली तरी मोटर फिरतच राहते. आवाज तेवढा पोकळ येतो. त्या पोकळ घरघरीवर भाई अख्खं पद म्हणाले, दोन ताना घेऊन. शेवटी मी "कट" असंही म्हटलं. कट! रात्री कॅमेऱ्याचं दार उघडलं तर खिडकीत फिल्मच्या शेपटावर छापलेला शब्द, एक्सपोज्ड. कुणाबद्दल लिहिलंय ते कळलं.

दया म्हणून केलं असं आधी वाटायचं. दया असती तर दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं. मग वाटलं, त्यांचा उतरलेला चेहरा बघायची हिंमत नव्हती. तेही असेल. पण घोडं दुसरीकडेच अडतं. पहिल्या कार्ट्रिजमधले १२ फूट मी रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीवर उडवले. ४८ सेकंद. त्यात ती रेलिंगला टेकून उभी आहे, बास. स्क्रिप्टमध्ये फेरीबोटच नाही. १२ फूट होते माझ्याकडे. तिचा पुण्याचा फॉर्म भरून झालाय म्हणे. असो.

भाईंना मात्र नव्हते.

फिल्म मीच धुतली, रशियन टाकीत, न्हाणीघरातला दिवा काढून. मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी ३० अंश, डेव्हलपरला, म्हणजे फिल्म धुवायच्या रसायनाला, हवं २०. मासळीवाल्या मावशीकडून बर्फ आणला. "कसली मासळी ठेवतोस रे एवढी?" म्हणाली. मग १५ मीटर ओली फिल्म बालकांवात दोरीवर, येरझाऱ्या घातल्यासारखी. एक डास चिकटून मेला. तो आता कायमचा आमच्या फिल्ममध्ये, रिहर्सल न करता.

निगेटिव्ह म्हणून धुतल्यामुळे भाईंचा चेहरा त्यात कोळशासारखा दिसतो. पावडर ठेवली असती तर आणखी काळे आले असते. हे सुचलं आणि मला एकट्यालाच हसू फुटलं. तसं बघितलं तर फिल्म शिल्लक असती तरी काय आलं असतं? हा कॅमेरा मुका. भाई एका मुक्या डब्यासमोर गायले, आत फिल्म असो नसो. त्यांनी तोंड उघडलेलं दिसलं असतं, पद नाही.

पद आहे. शूटिंगच्या वेळी फेरीबोटीवरच्या तिचा फोन चालूच राहिला होता, परवा तिने पाठवलं. भाईंचा आवाज, मागे ती घरघर, मध्येच कोंबडा. पद संपतं आणि घरघर आणखी दोन सेकंद चालते. सरांना ऐकवलं तर खूश होतील. म्हणतील, काळा पडदा ठेव आणि हे लाव, अनुपस्थिती वगैरे. मार्कही पडतील. भाईंच्या सालात गणेश चवथीला मुलगी-जावई, शेजारीपाजारी बसलेले असणार. तिथे काळा पडदा?

आज निघताना सांगणार होतो. खरंच. "भाई, एक गोष्ट..." इतकं म्हणूनही झालं होतं.

ते स्टुलावर चढले होते, चुन्याचा कुंचा हातात. रिकाम्या भिंतीवर मधोमध फोटोचा खिळा तेवढा राहिला होता. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा काढू काय रे? नाहीतर माझ्या तोंडावर येईल."

"काढा," म्हटलं.