दोन सेफ्टी पिना, एक सेल आणि दोन वेबसाइट

विज्ञानाच्या वेबसाइटच्या लांबलचक याद्या शिक्षकांच्या ग्रुपवर फिरत असतात. उघडून बघणारे थोडेच. म्हणून इथे दोनच.

पहिली अरविंद गुप्तांची. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साइटवर टाकाऊ वस्तूंतून करायच्या खेळण्यांचे छोटे व्हिडिओ आहेत, मराठीतसुद्धा. पुस्तकंही फुकट उतरवून घेता येतात. वर्गात नेटचा भरवसा नसेल तर व्हिडिओ आदल्या दिवशीच फोनमध्ये घेऊन ठेवा.

सुरुवात साध्या मोटरपासून करा. लागतं काय? टॉर्चचा मोठा दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची पट्टी, एक गोल चुंबक आणि २४ गेजची इनॅमल केलेली (म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप दिलेली) तांब्याची तार सव्वा मीटर. तार मोटर रिवायंडिंगच्या दुकानात मिळते. सेलवरच दहा वेढे घ्या, हे वेटोळं म्हणजे कॉइल, ते सेलवरून काढून घ्या आणि दोन्ही टोकं समोरासमोर, एका रेषेत, दीड-दोन इंच बाहेर काढा. ट्यूबच्या पट्टीने पिना सेलच्या दोन टोकांना घट्ट बसवा, चुंबक सेलवर ठेवा (आपोआप चिकटतो) आणि कॉइलची टोकं पिनांच्या भोकांत अडकवा.

घोळ होतो तो इनॅमल खरवडताना. एक टोक पॉलिश पेपरने चहूबाजूंनी साफ करायचं. दुसरं मात्र अर्धंच, आणि तेही कॉइल उभी धरून फक्त वरची बाजू. कॉइल टेबलावर आडवी ठेवून खरवडली तर करंट नेमका चुकीच्या वेळी सुरू होतो आणि ती फिरत नाही. दोन्ही टोकं पूर्ण साफ केली, तर पहिल्या अर्ध्या फेरीत मिळालेला धक्का पुढच्या अर्ध्या फेरीत उलटा बसतो. कॉइल नुसती झुलत राहते. अजिबात हललीच नाही तर इनॅमल शिल्लक आहे. त्याचा रंग तांब्यासारखाच असल्यामुळे नजर फसते. सगळं ठीक असलं तरी पहिली टिचकी बोटानेच मारावी लागते.

एक सांभाळा. या तारेचा रोध ०.१ ओहमपेक्षाही कमी भरतो. अडकलेली कॉइल तशीच ठेवली की सेल तापतो आणि लवकर उतरतो. खेळ झाला की कॉइल काढून ठेवा.

दुसरी साइट फेट (PhET). अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. तिथली बरीच सिम्युलेशन (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) मराठीत आहेत. भाषांतराच्या पानावर भाषा निवडा. एचटीएमएल५ची फाइल एकदा उतरवली की ती ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते, पेन ड्राइव्हवरून प्रत्येक संगणकावर टाकता येते. मोटर करून झाल्यावर त्यातलं डीसी सर्किटचं किट उघडा आणि मुलांना सेलची दोन टोकं नुसत्या तारेने जोडू द्या. पडद्यावर ज्वाळा दिसतात, आणि अडकलेल्या कॉइलने सेल का तापत होता ते वेगळं सांगावं लागत नाही.