डोळा पाण्याच्या पातळीला

या स्मरणिकेत आमच्या १९७० च्या अकरावीचा ग्रुप फोटो छापला आहे. त्यात मागच्या रांगेत उजवीकडून तिसरा, मान जराशी कलती करून उभा असलेला मुलगा म्हणजे बापू. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झाला, निवृत्त झाला आणि गेल्या मार्गशीर्षात गेला. संपादकांनी मला शाळेच्या आठवणी लिहायला सांगितल्या होत्या. त्याच लिहितो आहे. पण शाळा आठवायला बसलो की बाकावर शेजारी तोच असतो, त्याला मी काय करू?

बापू चिखलीचा. प्रयाग चिखली म्हणजे भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या सगळ्यांचं पाणी एक होऊन पंचगंगा पुढं निघते ते ठिकाण. तिथून तो सायकलवरून शिवाजी पूल ओलांडून कोल्हापुरात शाळेत यायचा. आषाढात रस्ता पाण्याखाली गेला की आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरी चार-चार, आठ-आठ दिवस मुक्काम. माझी आई माझ्याआधी त्याच्या ताटात वाढायची. संध्याकाळी आम्ही दोघं घाटावर जायचो. मी पुरात वाहत आलेली झाडं बघायचो, हा पायऱ्या मोजायचा. "काल सात दिसत होत्या, आज चारच हाईत. रात्रीत आणखी दोन जातील बघ." गावात आई-वडील, जनावरं, सगळं पाण्याच्या तोंडाशी. मला ते तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, याला मोजायचा नाद आहे.

नववीत शास्त्राच्या सरांनी आम्हाला प्रयोगशाळेत मोजपात्र दिलं. किती पाणी आहे ते वाचून वहीत लिहा, एवढंच काम. चाळीस मुलांचे आठ निरनिराळे आकडे आले. सरांनी कुणालाच रागावलं नाही. प्रत्येकाला टेबलापाशी बोलावलं, खांद्यावर हात ठेवून खाली वाकवलं आणि म्हणाले, "वरनं बघू नको. डोळा पाण्याच्या पातळीला आण. पाण्याचा पृष्ठभाग कडेला चढलेला दिसेल, मधे खोलगट. ती खोलगट जागा जिथं आहे, तिथला आकडा वाच." चाळीसच्या चाळीस मुलांना वाकवायला तास संपला, पुढचा तासही थोडा गेला. बापू दोनदा रांगेत उभा राहिला होता.

मॅट्रिकनंतर मी दुकानात बसलो, तो सरकारी तंत्रनिकेतनातून स्थापत्याचा डिप्लोमा करून पाटबंधारे खात्यात लागला. सुरुवातीची वर्षं बंधाऱ्यांवर गेली. आपल्या नद्यांवर जे बंधारे दिसतात, त्यांना राज्यभर 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. दगडी खांबांना खाचा, पावसाळा संपला की त्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी ते काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण बरगे लवकर घातले आणि परतीचा पाऊस आला तर पाणी शेतात शिरतं. उशिरा घातले तर पाणी निघून गेलेलं असतं आणि उन्हाळ्यात उसाला पाणी नाही म्हणून शेतकरी दारात. बापू म्हणायचा, "तारीख कागदावर असते रे, पण नदीनं कागद वाचलेला नसतो." मग तो नदीवर जाऊन दोन-दोन तास बसायचा.

राधानगरीच्या धरणावर मात्र त्याचा जीव होता. शाहू महाराजांनी सुरू केलेलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालेलं हे धरण, आठ टीएमसीच्या, म्हणजे आठ अब्ज घनफुटांच्या, थोडं वर पाणी साठवणारं. त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांबद्दल बोलताना बापूचा चेहरा नववीतला व्हायचा. पाणी ठरलेल्या उंचीला टेकलं की दरवाजा आपोआप उघडतो, पाणी उतरलं की आपोआप मिटतो. एकदा भर श्रावणात मला तिथं घेऊन गेला. आम्ही पोचलो आणि तासाभरात एक दरवाजा उघडला. त्या आवाजात बापू माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून काहीतरी सांगत होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघून विचारावंसंही वाटलं नाही.

नोकरीची बरीच वर्षं त्याचं घर कोल्हापुरात, साने गुरुजी वसाहतीत, आणि तो धरणांवर. शनिवारी संध्याकाळची एसटी पकडून घरी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. मे महिन्यात पिशवीत करवंदं, जांभळं असायचीच. लग्नामुळं वहिनींचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. दोन मुली झाल्यावर त्यांनी शिवाजी विद्यापीठाची बी. ए. बहिःस्थ म्हणून दिली. त्या तिन्ही वर्षांत शनिवार-रविवारचं स्वयंपाकघर बापूकडं होतं. पांढरा रस्सा त्याला शेवटपर्यंत जमला नाही, पिठलं मात्र असं करायचा की मी रविवारी मुद्दाम जेवणाच्या वेळेला जायचो. वहिनींच्या पेपरच्या दिवशी हा रजा काढून परीक्षा केंद्राबाहेर धाकटीला कडेवर घेऊन उभा. कुणी ओळखीचा भेटला की सांगायचा, "आत पेपर चालू आहे आमचा."

बढतीबरोबर एकदा लांबची बदली आली. त्या वर्षी थोरली दहावीला होती आणि त्याच्या आईला अंथरुणातून उठता येत नव्हतं. त्यानं बढती नाकारली. मी चिडलो होतो. त्यानं माझी समजूत घातली नाही, फक्त म्हणाला, "तू रोज घरी जेवतोस." त्यानंतर मी हा विषय काढला नाही.

निवृत्त झाल्यावर त्यानं अंगणात पर्जन्यमापक बसवला आणि रोज सकाळी आठला पाऊस मोजू लागला. मोजायचं पात्र डोळ्यांसमोर आणायचं, श्वास रोखायचा, आकडा वाचायचा, डायरीत लिहायचा. नातू झाल्यावर त्यालाही शेजारी उकिडवा बसवायचा.

२०१९ च्या ऑगस्टचा पूर कुणाला सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे आकडे आपल्याकडं पोरासोरांनाही पाठ असतात. पाणी अजून ४३ च्या आत होतं, तेव्हा बापूचा फोन आला. "तळमजला मोकळा कर." मी म्हटलं, २००५ ला उंबऱ्यापर्यंत आलं आणि परत गेलं. तो म्हणाला, "त्या वेळचं सांगू नको. वरचा पाऊस बघ. आज, आत्ता." मी हलत नाही असं दिसल्यावर पासष्टीचा माणूस पावसात स्वतः आला, धान्याची पोती आणि माझी जुनी ट्रंक माझ्या मुलासोबत वरच्या मजल्यावर चढवली आणि तसाच भिजलेला चिखलीच्या भावाला सोनतळीला हलवायच्या धावपळीला निघून गेला. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या तळमजल्यात माणूस बुडेल एवढं होतं. या स्मरणिकेत छापलेला तो ग्रुप फोटो त्याच ट्रंकेत होता.

तो गेल्यावर वहिनींनी मला त्याच्या डायऱ्या दाखवल्या. नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनच्या, एकीवर एक रचलेल्या. डाव्या पानावर पाऊस आणि पाण्याची पातळी, उजव्या पानावर घर. "पाऊस १२२. धाकटीला पहिला दात." "पाऊस नाही. हिचा इतिहासाचा पेपर चांगला गेला." "पाऊस ६४. आईनं आज दोन घास जास्त खाल्ले." दोन्ही पानांवर अक्षर सारखंच, बारीक आणि सरळ. एका पानावर माझंही नाव सापडलं; माझं दुकान पहिल्यांदा उघडलं तो दिवस. माझ्याकडं ती तारीख कुठंच लिहून ठेवलेली नाही.

या पावसाळ्यात वहिनी रोज सकाळी मला फोन करतात. "भावजी, आज अठ्ठावीस." गुडघ्यांमुळं त्यांना अंगणात वाकता येत नाही. म्हणून नातू पात्र आत आणून ओट्यावर ठेवतो, त्या समोर खुर्ची ओढून बसतात, चष्मा पुसतात आणि मान खाली करत करत डोळा पाण्याशी आणतात.