दुसऱ्याच्या हाती पडलेला रिपोर्ट

एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरशेजारी रुग्णांसाठी कॉम्प्युटर ठेवला होता. एका गृहस्थांनी त्यावर ओटीपी टाकून लॉगिन केलं, ‘रिपोर्ट पाहा’वर क्लिक केलं आणि समोर उघडला त्यांच्या आधी तिथे बसलेल्या बाईंचा रिपोर्ट. नाव, वय, गर्भधारणेच्या चाचणीचा निकाल, सगळं परक्या माणसासमोर.

डेटाबेसची क्वेरी, म्हणजे माहिती शोधण्याची आज्ञा, चुकते किंवा सेशनची (लॉगिन केलेल्या व्यक्तीची सर्व्हरवरची ओळख) अदलाबदल होते, असा सगळ्यांचा अंदाज. मी सर्व्हरचा लॉग उघडला. गृहस्थांच्या लॉगिनची नोंद होती, पण त्यानंतर रिपोर्टच्या स्क्रिप्टकडे एकही रिक्वेस्ट आलेली नव्हती. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, “रिफ्रेश केलं की बरोबर येतो, सर.” मग ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पाहिलं: पीडीएफ ‘डिस्क कॅश’मधून, म्हणजे ब्राउझरने त्याच कॉम्प्युटरवर साठवलेल्या प्रतीतून, येत होती.

रिपोर्टची यूआरएल, म्हणजे वेब-पत्ता, सर्वांना एकच, म्हणून ब्राउझर आधीच्या व्यक्तीची प्रतच पुढच्याला दाखवी. कोणाचा रिपोर्ट द्यायचा ते सेशनवरून ठरे. साइट ज्या भाषेत लिहिली होती ती पीएचपी सेशन सुरू करताना एरवी स्वतःहून ‘नो-स्टोअर’ हेडर, म्हणजे ‘प्रत साठवू नको’ अशी ब्राउझरला सूचना, पाठवते. पण इंटरनेट एक्सप्लोरर ८ पर्यंतच्या आवृत्त्यांत एचटीटीपीएसवरून असं हेडर असलेली फाइल डाउनलोड होत नसे, म्हणून तेव्हा कुणीतरी कॅश लिमिटर (ही सूचना ठरवणारं पीएचपीचं सेटिंग) ‘प्रायव्हेट’ करून ठेवला होता. २०११ साली आलेल्या आवृत्ती ९ मध्ये ती अडचण सुटली, पण कोडची ती ओळ तशीच राहिली. ‘प्रायव्हेट’मुळे फक्त मधल्या प्रॉक्सींना (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधले सर्व्हर) प्रत साठवायला मनाई होते. ब्राउझरला मात्र ‘मॅक्स-एज’ १०८०० सेकंद, म्हणजे तीन तास, प्रत जपून वापरण्याची मुभाच मिळते. सामायिक कॉम्प्युटरवर याहून घातक काय असेल?

यूआरएलला रिपोर्ट क्रमांक जोडा, असं एकाने सुचवलं. मी ठाम नकार दिला. तक्रार थांबली असती, पण बाईंची पीडीएफ डिस्कवर पडूनच राहिली असती. ‘नो-कॅश’ही पुरेसं नव्हतं, त्यात ब्राउझरला प्रत ठेवता येते, फक्त वापरण्याआधी सर्व्हरला विचारावं लागतं. आम्ही प्रत्येक रिपोर्टला ‘कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर’ लावलं. आधी साठलेल्या प्रती त्या हेडरने पुसल्या जात नाहीत, म्हणून ब्राउझरची कॅश हाताने साफ केली. डाउनलोड्स फोल्डरवर तर कोणत्याच कॅश हेडरचा अंमल चालत नाही. तिथेही रुग्णांचे रिपोर्ट साठलेले होते. ते त्याच संध्याकाळी पुसले आणि तो कॉम्प्युटर गेस्ट मोडवर, म्हणजे विंडो बंद केली की ब्राउझरमधल्या खुणा पुसणाऱ्या मोडवर, टाकला.