तुम्ही विचारलेत म्हणून : हात न लागलेल्या जीटीओची रास्त किंमत

मिशिगनमधल्या आपल्या मंडळींपैकी कोणाला एखाद्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची जुनी अमेरिकी गाडी, दिसली, की मला फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो : ‘हिचे किती द्यावेत?’ फोटोवरून मी आकडा सांगत नाही, याला काही जण आढ्यता समजतात. जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या हॅगर्टी कंपनीच्या भावपत्रकात गाड्यांच्या चार श्रेणी असतात. पण जिच्या मूळ रंगाला आणि आसनांना कोणी हात लावलेला नाही, अशी गाडी त्यांत सरळ बसत नाही. तिचे मोल ज्या जुनेपणात असते, तोच तिला खालच्या श्रेणीत ढकलतो.

मी आधी पत्रा पाहतो, कारण इंजिन पुन्हा बांधता येते, पण इथल्या रस्त्यांवरच्या मिठाने खाल्लेली चासी माणसाला कर्जात घालते. १९६८च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओ या मसल कारमध्ये मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांतून पाणी झिरपते आणि डिकीचा तळ सडतो. मागच्या चाकांवरच्या पत्र्याला लोहचुंबक चिकटले नाही, तर रंगाखाली पुट्टी आहे असे धरून तो खर्च वजा करायचा. इथवर माझा कोणाशी वाद नाही.

वाद आहे तो इंजिनाचा. एका मित्रासाठी मी पॉन्टिअ‍ॅक शहरातल्या एका वृद्ध बाईंकडे अशीच जीटीओ पाहायला गेलो होतो. त्यांचे दिवंगत यजमान तिथल्याच मोटार कारखान्यात कामाला होते. गाडीचा क्रमांक २४२ने सुरू होत होता, म्हणजे ती जीटीओची बिरुदे चिकटवलेली लेमान्स, म्हणजे त्याच कंपनीची स्वस्त गाडी, नव्हती. बाईंची अपेक्षा २४,००० डॉलरची होती. टायमिंग कव्हरशेजारी, ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या) पुढच्या बाजूला, जिथे गाडीच्या क्रमांकाचा भाग ठोकलेला असतो आणि तो जुळला तर इंजिन मूळचे ठरते, तिथले वंगण मी फडक्याने पुसले. जागा कोरी होती, आणि ती घासून कोरी केलेली नव्हती. ओतकामाचा खरखरीतपणा बोटाला जसाच्या तसा लागत होता.

बाई म्हणाल्या की, गाडी नवी असतानाच इंजिन जाम होऊन बंद पडले होते आणि कंपनीने वॉरंटीत नवा ब्लॉक घातला. असे बदली ब्लॉक क्रमांकाविना येत, त्यामुळे त्यांचे म्हणणे जुळत होते. पण असा ब्लॉक नंतर विकत घेऊनही बसवता येत असे, आणि कागद एकही नव्हता. मित्र त्यांच्यासमोरच मराठीत मला म्हणाला, ‘कागद नाही ना? मग भाव पाड.’ मी दोन्ही शक्यता इंग्रजीत, दोघांनाही ऐकू जातील अशा सांगितल्या. मित्राने १७,००० देऊ केले. घर विकायला काढलेले असल्यामुळे बाईंनी ते घेतले. मात्र ‘माझे यजमान खोटे बोलत नसत’ हे त्या मला उद्देशून दोनदा म्हणाल्या.

त्यांना खोटे ठरवण्याचा माझा हेतू नव्हता, हे मी आजही ठामपणे म्हणेन. जे कागदावर नाही ते किमतीत नाही, हा माझा वर्षानुवर्षांचा नियम होता, आणि ऐकीव गोष्टींना पैसे मोजून बुडालेली माणसे पाहूनच मी तो केला होता. तरीही गाडीबरोबर पहिल्या दिवसापासून राहिलेल्या बाईंची साक्ष ऐकीव गोष्टींत कशी मोडते, याचे उत्तर त्या नियमाजवळ नाही. संशय दोन्हीकडे सारखाच होता, पण त्याची सगळी किंमत एकट्या विकणाऱ्या बाईंनी भरली.

आता मित्राने तीच गाडी विकायला काढली आहे, आणि जाहिरातीत ‘मूळ मालकाच्या पत्नीच्या सांगण्यानुसार वॉरंटीत बदललेले इंजिन’ असे लिहून त्यापोटी भाव चढवला आहे. ही साक्ष विकायची असेल तर तिचे पैसे आधी बाईंना पोचव, असे मी त्याला सुचवले. व्यवहार पूर्ण झालेला आहे, असे त्याचे म्हणणे आहे आणि कायद्याने ते बरोबर आहे. नवा गिऱ्हाईक परवा मला फोटो पाठवून विचारत होता, हिचे किती द्यावेत. त्याला मी अजून आकडा कळवलेला नाही.